कॅमेऱ्यांचं कोटेशन बाजूला ठेवा, आधी देवळाभोवती एक फेरी मारा

नमस्कार. तुम्ही जे लिहिलंय ते थोडक्यात असं. न्यू जर्सीत तुमचं लहानसं गणपतीचं देऊळ आहे. काही वर्षांपूर्वी एक जुनं चर्च विकत घेऊन तिथे प्रतिष्ठापना केली, आणि तळघरात दर रविवारी मराठी शाळा भरते. मागच्या महिन्यात रात्री कुणीतरी रस्त्याकडेच्या फलकावर काळ्या रंगाने घाणेरडं काहीतरी लिहून ठेवलं. त्यानंतर एका कॅमेरेवाल्याने १,४०,००० डॉलरचं कोटेशन दिलं. 'यासाठी सरकारी ग्रँट असते, अर्जही आम्हीच भरून देऊ, तुमच्या खिशातून एक पैसा जाणार नाही,' असं तो म्हणाला. कमिटीत दोन तट पडलेत: एक याला तयार आहे, दुसऱ्याला देवळाचा किल्ला झालेला नको आहे. तुम्ही विचारताय की ही ग्रँट खरी आहे का आणि याला हो म्हणावं का.

ग्रँट खरी आहे. त्या माणसाला हो म्हणू नका. मी गेली नऊ-दहा वर्षं देवळं, एक गुरुद्वारा आणि स्वतःचा हॉल असलेली एक-दोन मंडळं यांना हे अर्ज करायला मदत करते. काही मंजूर झाले, काही नाकारले गेले. नाकारलेल्यांपैकी बहुतेकांची सुरुवात तुमच्यासारखीच झाली होती. आधी कोटेशन आलं, मग त्या कोटेशनला साजेशी भीती शोधली गेली. परीक्षकाला ते पहिल्या पानावर कळतं.

या योजनेचं नाव नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅम, एनएसजीपी. पैसा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा, फेमा या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेमार्फत येतो. २००५ पासून ती चालू आहे. सुरुवातीला ती फक्त मोठ्या शहरांच्या पट्ट्यापुरती होती, पुढे बाकीच्या भागासाठी वेगळा हिस्सा आला. २०२३ मध्ये देशभरासाठी ३०.५ कोटी डॉलर होते, २०२४ मध्ये पुरवणी तरतुदीमुळे ४५.४५ कोटी, २०२५ मध्ये २७.४५ कोटी. एका जागेसाठी मिळणारी कमाल रक्कम त्याआधी काही वर्षं १,५०,००० डॉलर होती, २०२५ च्या जाहिरातीत (म्हणजे अर्ज मागवणाऱ्या सरकारी सूचनेत) ती २,००,००० झाली. हे आकडे दर वर्षी हलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या कुणाच्या अर्जावरून काही ठरवू नका. चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचा. कमिटीतल्या एकाने तरी ती अथपासून इतिपर्यंत वाचलेली हवी.

योजनेचा हेतू नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. हा पैसा दहशतवादी किंवा अतिरेकी हल्ल्याचा धोका असलेल्या संस्थांसाठी आहे. चोरीसाठी नाही. दानपेटी फुटली, पार्किंगमधून गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, तांब्याचे पाइप नेले, या गोष्टी त्रासाच्या असल्या तरी हा अर्ज त्यांच्यावर उभा राहत नाही. 'तुम्ही जे आहात, ज्यावर श्रद्धा ठेवता, त्यामुळे तुमच्यावर कुणी हल्ला करू शकतं का, आणि केला तर तो कुठून आत येईल?' एवढाच प्रश्न सरकार विचारतंय. तुमच्या फलकावर जे लिहिलं गेलं ते याच प्रश्नाच्या कक्षेत येतं. कॅमेरेवाल्याच्या कोटेशनमध्ये त्या फलकाचा उल्लेख तरी आहे का, बघा.

आता हे कशाकशावर अवलंबून आहे ते सांगते, कारण तुमच्या कमिटीतले दोन्ही तट थोडे-थोडे बरोबर असू शकतात.

पहिलं म्हणजे तुम्ही कायद्याच्या दृष्टीने कोण आहात. संस्था ५०१ सी ३, म्हणजे करमुक्त ना-नफा संस्था, असायला हवी. प्रार्थनास्थळांना आयआरएस, म्हणजे केंद्राचं कर खातं, आपोआप करमुक्त मानते, त्यामुळे देवळाला मान्यतेचं पत्र असलंच पाहिजे असं नाही. पण असेल तर काम सोपं होतं. हरवलं असेल तर आयआरएसकडून पुष्टीचं पत्र मागवता येतं. सांस्कृतिक मंडळांना मात्र मान्यता लागतेच. शिवाय गेल्या काही वर्षांच्या जाहिरातींत धार्मिक संस्थांच्या गुणांना जास्त गुणक मिळत आलाय. तुम्ही देऊळही आहात आणि शाळाही, तेव्हा अर्जात आपली ओळख देऊळ म्हणून ठेवा आणि शाळा 'इथे कोण असतं' या भागात आणा.

दुसरं, जागा. अर्ज एका खऱ्या पत्त्यासाठी असतो आणि अर्ज करताना त्या जागेत तुमचा वावर सुरू असायला हवा. पुढच्या वर्षी बांधायच्या देवळासाठी आज मागता येत नाही. भाड्याची जागा चालते, पण मालकाची परवानगी लागते. आपल्याकडची बरीच महाराष्ट्र मंडळं गणेशोत्सव आणि दिवाळी शाळेच्या ऑडिटोरियममध्ये करतात, स्वतःची वास्तू नाही. त्यांना माझं प्रामाणिक उत्तर असतं की ही योजना तुमच्यासाठी बनलेली नाही; कार्यक्रमाच्या दिवशी ड्युटीवरच्या पोलिसाचं मानधन बजेटमध्ये धरा, ते जास्त उपयोगी पडेल. तुमचं तसं नाही, वास्तू तुमची आहे.

तिसरं, राज्य. अर्ज थेट फेमाला जात नाही. प्रत्येक राज्यात एक ठरलेली संस्था असते, तिला स्टेट अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह एजन्सी म्हणतात. ती अर्ज गोळा करते, गुण देते आणि पुढे पाठवते. न्यू जर्सीत ते काम होमलँड सिक्युरिटी अँड प्रिपेअर्डनेसचं राज्य कार्यालय करतं, कॅलिफोर्नियात कॅल ओईएस, टेक्सासमध्ये गव्हर्नरच्या कार्यालयातलं पब्लिक सेफ्टी ऑफिस. तुम्ही मोठ्या शहराच्या पट्ट्यात मोडता की बाहेर, हेही तेच सांगतात. न्यू जर्सीची स्वतःची वेगळी राज्य योजनाही आहे. मागच्या फेऱ्यांत तिच्यात उपकरणांसाठी ५०,००० आणि सुरक्षारक्षकांसाठी १०,००० डॉलरपर्यंत मिळत असे. लहान देवळाने आधी ती बघावी, असं मी नेहमी सुचवते. रक्कम लहान, काम आवाक्यातलं, आणि केंद्राच्या अर्जाआधी हिशेब ठेवण्याची सवय लागते.

चौथं, तुमच्या बँक खात्यात किती आहे. यावर खाली सविस्तर लिहिते, कारण देवळं सगळ्यात जास्त इथे अडकतात.

आता मूळ मुद्दा. अर्जाचा गाभा म्हणजे इन्व्हेस्टमेंट जस्टिफिकेशन नावाचा फॉर्म, प्रत्येक जागेसाठी एक. त्याच्यासोबत जागेची सुरक्षा पाहणी आणि संस्थेचं ध्येयपत्र लागतं. फॉर्ममध्ये तीन गोष्टी एकाखाली एक विचारतात: धोका काय, तुमच्या इमारतीत कच्चे दुवे कुठे, आणि हल्ला झालाच तर परिणाम काय. त्यानंतर तुम्हाला काय बसवायचं आहे ते. या चारांची साखळी असावी लागते. धोका एका दाराचा आणि कॅमेरा दुसऱ्या भिंतीवर, असं झालं की साखळी तुटली.

ही साखळी कागदावर जमत नाही, ती पायाने जमते. एका देवळात नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी, साडेपाचलाच अंधार पडलेला असताना, आम्ही तिथल्या पोलीस खात्यातल्या अधिकाऱ्यासोबत फेरी मारली होती. कमिटीचं म्हणणं होतं, कॅमेरे कमी आहेत. आत चार होते. चारही दानपेटीकडे आणि गाभाऱ्याकडे वळवलेले, एकही दाराकडे नाही. मग स्वयंपाकघराच्या बाजूला गेलो. तिथलं मागचं दार उघडंच होतं, मधे तांदळाची वीस पौंडांची गोणी टेकवून ठेवलेली. महाप्रसादाची भांडी आत-बाहेर करायला सोपं जावं म्हणून. बाहेर पार्किंगचा दिवा बंद. त्या दारातून आत आलं की डावीकडे जिना, जिना उतरला की मुलांचे वर्ग. तळघरातून बाहेर पडायचं दुसरं दार होतं, पण त्याच्यासमोर चपलांची लाकडी मांडणी उभी होती. तो अधिकारी काही बोलला नाही. त्याने नुसतं ते दार ढकलून दाखवलं, ते चार बोटं उघडलं आणि मांडणीला अडलं. माझ्या शेजारी उभी असलेली शाळेची शिक्षिका तिथेच खाली बसली.

त्या संध्याकाळच्या यादीतल्या निम्म्या गोष्टींना एक पैसा लागला नाही. मांडणी हलवली, गोणी उचलली, बल्ब बदलला, आणि रविवारी मागच्या दाराशी एक स्वयंसेवक बसायचं ठरलं. उरलेलं मागण्यासारखं होतं: मागचं दार आतून ढकललं तर उघडणारं पण बाहेरून बंद राहणारं, त्याला अलार्म, त्या बाजूला दिवे, दोन्ही दारांवर कॅमेरे, आणि तळघरातून वर आवाज पोचेल अशी यंत्रणा. तो अर्ज मंजूर झाला. त्यात कॅमेरे होते, पण पाचव्या क्रमांकावर.

ही पाहणी फुकट करून मिळते, त्यासाठी पैसे देऊ नका. सिसा या केंद्रीय संस्थेचे प्रोटेक्टिव्ह सिक्युरिटी अ‍ॅडव्हायझर प्रत्येक राज्यात आहेत. त्यांना लिहा, ते येऊन इमारत बघतात. प्रार्थनास्थळांनी स्वतः करायच्या पाहणीची प्रश्नावलीही सिसाने दिलेली आहे. स्थानिक पोलीसही बहुतेक ठिकाणी करतात. वाट पाहावी लागते, म्हणून आजच विचारा. पाहणीचा अहवाल आल्यावर एक पथ्य पाळा: तो कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. कुठलं कुलूप सैल आहे याची यादी दोनशे फोनमध्ये जाऊ नये.

धोक्याचा भाग लिहिताना आपली माणसं दोनपैकी एका टोकाला जातात. एक टोक म्हणजे जगभरच्या बातम्या ओतायच्या. 'हिंदू मंदिरांवर हल्ले वाढत आहेत, म्हणून आम्हाला कॅमेरे हवेत.' हे वाक्य मी इतक्या अर्जांत वाचलंय की परीक्षकाचं काय होत असेल याची मला कल्पना आहे. दुसरं टोक म्हणजे काहीच न सांगणं. आमच्या पिढीला, आणि आमच्या आधीच्या पिढीला तर जास्तच, असं वाटतं की पोलिसात गेलं की देवळाचं नाव खराब होतं, शेजारी काय म्हणतील, उगाच कशाला. रविवारी सकाळी कुणीतरी लवकर येऊन फलक पुसतो आणि आरतीला काही झालंच नाही असं सगळे उभे राहतात. मला ते समजतं. माझ्या सासऱ्यांनी असंच एकदा दारावरचं लिखाण स्वतःच्या हाताने घासून काढलं होतं आणि घरी कुणाला वर्षभर सांगितलं नव्हतं. पण जे पोलिसांच्या कागदावर नाही ते सरकारच्या लेखी घडलेलंच नाही.

मधला रस्ता असा की आधी तुमच्या जागेवर घडलेलं लिहायचं, मग तुमच्या भागातलं, आणि सगळ्यात शेवटी एक-दोन ओळींत देशातलं. देशातलं लिहायला खऱ्या घटना आहेत. ५ ऑगस्ट २०१२ ला विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार झाला, सहा जण गेले, आणि त्या जखमांमुळे एक जण २०२० मध्ये गेला. लंगराची तयारी करणाऱ्या बायका कोठीच्या खोलीत लपून वाचल्या. जानेवारी २०१९ मध्ये केंटकीतल्या लुइव्हिलच्या स्वामिनारायण मंदिरात देवाच्या प्रतिमेवर काळा रंग फासला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नूअर्कच्या मंदिराच्या भिंतीवर, सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या मेलव्हिलच्या मंदिराच्या फलकावर, मार्च २०२५ मध्ये चिनो हिल्सच्या मंदिरावर मजकूर लिहिला गेला. मेलव्हिलचं उदाहरण तुमच्या सगळ्यात जवळचं. तिथेही रस्त्याकडेचा फलकच होता. एवढं पुरे. दहा बातम्यांची कात्रणं जोडू नका.

एक विनंती मनापासून करते. हे कुणी केलं याचा निवाडा अर्जात आपण करायचा नाही. पोलिसांनी जेवढं लिहिलंय तेवढंच. अमुक समाजाने केलं असावं, तमुक देशाचे लोक असावेत, अशी वाक्यं कच्च्या मसुद्यात हमखास येतात आणि मी ती प्रत्येक वेळी काढायला लावते. ती पुराव्याशिवाय असतात, अर्जाचं वजन कमी करतात, आणि ज्या शेजाऱ्यांशी उद्या आपल्याला बोलायचं आहे त्यांच्यावर आरोप करतात.

तुमच्यासाठी धोका आणि कच्चा दुवा यांचा परिच्छेद साधारण असा व्हावा: 'अमुक तारखेच्या रात्री आमच्या फलकावर धर्माबद्दल द्वेषाचा मजकूर लिहिला गेला, पोलीस रिपोर्टचा क्रमांक हा. फलक मुख्य दारापासून इतक्या फुटांवर आहे. लिहिणारी व्यक्ती दारापर्यंत कुणालाही न दिसता येऊ शकत होती, कारण त्या बाजूला दिवा नाही. दर रविवारी साडेदहा ते साडेबारा तळघरात इतकी मुलं असतात, वय ५ ते १४, आणि बाहेर पडायला एकच जिना आहे.' मोकळ्या जागी तुमचे आकडे भरा. यात विशेषण एकही नाही. फॉर्मच्या चौकटीत अक्षरांची मर्यादा असते, ती विशेषणांवर घालवू नका.

आता त्या कॅमेरेवाल्याकडे येऊ. त्याचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण केंद्रीय अनुदानाच्या खरेदीचा नियम स्पष्ट आहे: खरेदीचा तपशील ज्याने लिहिला त्याला त्याच खरेदीच्या स्पर्धेत उतरता येत नाही. त्याने अर्ज लिहिला, त्यात स्वतःची उपकरणं घातली आणि नंतर कामही त्यालाच दिलं, तर हिशेब तपासताना ती रक्कम नामंजूर होऊ शकते, आणि परत भरायची ती देवळाने. आपल्यात हे आणखी एका वाटेने येतं. कमिटीतल्याच एखाद्याचा हा धंदा असतो आणि तो म्हणतो, मी स्वस्तात करून देतो. प्रेमाने म्हणतो. त्याला कोटेशन द्यायचं असेल तर त्याने तपशील ठरवण्यातून आणि मतदानातून बाहेर पडायला हवं, आणि ते बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलेलं हवं. कोटेशन तीन घ्या. अर्जाच्या वेळी ती अंदाजासाठी पुरतात. प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी पुन्हा रीतसर मागवायची.

त्या १,४०,००० च्या कोटेशनमध्ये कॅमेरे कुठल्या कंपनीचे आहेत तेही बघा. २०१९ च्या संरक्षण कायद्याच्या कलम ८८९ नुसार ह्वावे, झेडटीई, हायटेरा, हाइकव्हिजन आणि दाहुआ या पाच कंपन्यांची ठरावीक उपकरणं केंद्राच्या पैशातून घेता येत नाहीत. अडचण अशी की यांच्यापैकी काहींचे कॅमेरे दुसऱ्याच नावाचं लेबल लावून विकले जातात. एका देवळाने असे आठ बसवले होते आणि बिल पाठवल्यावर कळलं. ती रक्कम शेवटी देणग्यांतून भरली. विक्रेत्याकडून लेखी घ्या की आतला माल या यादीतल्यांचा नाही. 'असणार नाही हो' हे तोंडी उत्तर चालत नाही.

मागता काय येतं? फेमाच्या ऑथराइज्ड इक्विपमेंट लिस्टमध्ये असलेलं: कुंपण, फाटक, दिवे, मजबूत दारं, काचांवरची फिल्म, गाडी घुसू नये म्हणून खांब, अलार्म, कॅमेरे, कार्डाने उघडणारी दारं. कंत्राटी सुरक्षारक्षक, आराखडा, प्रशिक्षण आणि सरावही बसतात. शस्त्रं नाहीत. गळकं छप्पर किंवा जुनं हीटिंग तर नाहीच, सुरक्षेच्या नावाखाली ते घुसवायचा प्रयत्न करू नका.

प्रशिक्षण लोक गाळतात, ते गाळू नका असा माझा आग्रह असतो. १५ जानेवारी २०२२ ला टेक्सासमधल्या कॉलीव्हिल गावातल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, एक अनोळखी माणूस सकाळी दार वाजवत आला. थंडीत आलाय म्हणून तिथल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्याला आत घेतलं, चहा करून दिला. त्याने पिस्तूल काढून त्यांच्यासह चौघांना ओलीस धरलं. एकाला संध्याकाळी सोडलं. जवळपास अकरा तासांनी रब्बींनी त्याच्यावर खुर्ची फेकली आणि उरलेले तिघं दाराबाहेर पळाले. आपण वाचलो ते सुरक्षा प्रशिक्षणामुळे, असं त्यांनी नंतर सांगितलं. मला या घटनेत तो चहा विसरता येत नाही. आपल्याही देवळात कुणी आलं तर आधी 'प्रसाद घ्या' म्हणतात, आणि ते म्हणणं बंद व्हावं अशी माझी अजिबात इच्छा नाही. कॅमेरा ते काम करत नाही. दाराशी हसून स्वागत करणारा आणि त्याच वेळी डोळे उघडे ठेवणारा माणूस करतो, आणि तो शिकवून तयार होतो.

आता पैशांचं. 'एक पैसा जाणार नाही' हे अर्धं खरं आहे. संस्थेने स्वतःचा वाटा घालायची अट नाही, हे बरोबर. पण बहुतेक राज्यांत पैसे परतफेडीने मिळतात. आधी तुम्ही ठेकेदाराला पैसे द्यायचे, मग बिलं, चेकच्या प्रती, फोटो जोडून राज्याकडे पाठवायचे, आणि मग काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, ते येतात. २०२५ च्या सुरुवातीला केंद्राने या योजनेची देणी काही काळ रोखून धरली होती. ज्यांनी काम पूर्ण करून ठेकेदारांना पैसे दिले होते त्या संस्था तोवर ताटकळल्या. म्हणून मी लहान देवळांना सांगते की काम टप्प्यांत करा. आधी दिवे आणि मागचं दार, त्याचं बिल वसूल झालं की कॅमेरे. मुदत केंद्राकडून ३६ महिन्यांची असते, राज्य तुम्हाला त्यातली थोडी कमी देतं. तरी टप्प्यांना पुरते. तुमच्या खात्यात एका टप्प्याएवढी रक्कम सहा महिने अडकून राहिली तर गणेशोत्सव पार पडेल का, हा प्रश्न खजिनदाराला अर्जाआधी विचारा. उत्तर नाही असेल तर मागणी लहान करा. हिशेबासाठी म्हणून ग्रँटच्या ५ टक्क्यांपर्यंत रक्कम मागता येते, ती जरूर मागा. तो खर्च खरा असतो आणि आपण तो नेहमी कुणा एका ताईच्या रात्रींवर ढकलतो.

मंजुरी येण्याआधी उपकरणं घेऊ नका. आधीच्या खरेदीचे पैसे मिळत नाहीत.

मंजुरी आल्यावरही लगेच भिंतीला भोक पाडू नका. तुमचं चर्च जुनं आहे, हे वाचून मी तिथेच थांबले होते. पर्यावरण आणि ऐतिहासिक वारसा यांची एक वेगळी तपासणी फेमा करते. इमारत पन्नास वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जुनी असेल तर ती जास्त बारकाईने होते. जमीन खणणं, भिंतीवर काही बसवणं, दारं बदलणं, सगळं त्यात येतं. परवानगीआधी काम सुरू केलं तर त्या कामाचे पैसे जाऊ शकतात. तुमच्याकडे जुन्या रंगीत काचा असतील तर त्यांच्यावर फिल्म लावायची की आतून वेगळी काच, हा प्रश्न आधीच विचारून ठेवा. प्रत्येक ठिकाणाचे आजचे फोटो काढा, इमारत कुठल्या साली बांधली त्याचा कागद नगरपालिकेतून आणा. या तपासणीला काही महिने लागतात असं धरूनच वेळापत्रक लिहा.

वेळेबद्दलही बोलते. केंद्राच्या तारखेआधी राज्याची तारीख असते, आणि ती फार जवळची असते. २०२५ मध्ये जाहिरात जुलैअखेर आली आणि राज्यांना जेमतेम दोन आठवडे होते, त्यामुळे काही राज्यांनी संस्थांना मोजकेच दिवस दिले. जाहिरात आल्यावर कामाला लागणाऱ्याला ते जमत नाही. म्हणून आत्ता, शांत असताना, हे क्रमाने करा. पोलीस रिपोर्ट. पाहणीसाठी सिसा आणि पोलीस दोघांना पत्र. राज्याच्या कार्यालयाच्या ईमेल यादीत नाव. न्यू जर्सीत त्यांची सर्वधर्मीय सल्लागार परिषदही आहे, तिच्या बैठकांना कुणीतरी एक जण जात राहा, तिथे भेटलेली माणसं पुढे फोन उचलतात. मग सॅम डॉट गव्ह या केंद्राच्या नोंदणी संकेतस्थळावर यूईआय, म्हणजे संस्थेचा ओळख क्रमांक. तो फुकट असतो; पैसे मागणारी सरकारी दिसणारी पत्रं येतील, ती फाडून टाका. पूर्ण नोंदणी करावी लागत नाही, तुमच्यासारख्या उपअर्जदाराला फक्त क्रमांक पुरतो.

हा बारा अक्षरांचा क्रमांक मिळवताना आपल्या देवळांची एक खास अडचण होते. नावातला 'श्री'. राज्याच्या नोंदणीत तो इंग्रजीत दोन ई लावून, आयआरएसच्या पत्रात एक आय लावून, बँकेत एचच गायब. गणपतीतला पहिला ए एका कागदावर एक, दुसऱ्यावर दोन. सॅमची पडताळणी तिथे अडते आणि कागदपत्रं मागत राहते. एका देवळाचे यात सात आठवडे गेले. सगळे कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा, अक्षर-अक्षर जुळवा, आणि जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

तुमच्या कमिटीतल्या दुसऱ्या तटाबद्दल तुम्ही लिहिलंय की त्यांना देवळाचा किल्ला झालेला नको आहे. त्यांना बैठकीत पूर्ण बोलू द्या. मी ज्या देवळांत चांगले अर्ज झालेले पाहिले तिथे अशी एक-दोन माणसं होतीच, आणि त्यांच्यामुळेच पुढचं दार काचेचं राहिलं, फक्त काच बदलली. त्यांना पाहणीच्या फेरीला सोबत न्या. मागच्या दाराशी उभं राहून ठरवणं सोपं जातं.

आणि फलक पुसून टाकलाय असं तुम्ही लिहिलंय, रिपोर्टचा उल्लेख नाही. महिना झाला म्हणून राहू देऊ नका, उशिराही नोंदवता येतो. पुसण्याआधी कुणीतरी फोटो नक्की काढला असणार, बहुधा जो सकाळी पहिल्यांदा आला त्याने. त्याच्या फोनमधला मूळ फोटो घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला नको, कारण मूळ फोटोत तारीख-वेळ असते. तो घेऊन याच आठवड्यात पोलीस स्टेशनला जा आणि रिपोर्टचा क्रमांक लिहून आणा.